हलकं विमान आणि डोंगराचा वारा: रॉकीज ओलांडण्यापूर्वी

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मला विचारतंच, "लायसन्स हातात आलं, आता डोंगर कधी ओलांडू?" कोलोरॅडोत डेन्व्हरच्या आसपास विमान उडवायला शिकलेल्या माणसाला पश्चिमेची ती रॉकीजची भिंत रोज दिसत असते. लाँगमाँटची धावपट्टी ५,०५५ फुटांवर आहे आणि तिथून तीसेक मैलांवर कॉन्टिनेंटल डिव्हाइडची, म्हणजे रॉकीजच्या मुख्य कण्याची, धार बारा-तेरा हजार फुटांवर उभी आहे. पलीकडे विंटर पार्क, ग्रँबी, हिरवी कुरणं, तळी. जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे.

जरूर जा. पण लाइट स्पोर्ट, म्हणजे वजनाने फार हलक्या, विमानाने जाणार असाल तर काही गोष्टी जमिनीवरच पक्क्या करून निघा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या डोंगरात मुरलेल्या प्रशिक्षकाला शेजारी बसवूनच करा, त्याला पर्याय नाही. मी इथे लिहितो आहे ते त्या फेऱ्यांच्या आधी वाचण्यासाठी, आणि नंतर पुन्हा एकदा वाचण्यासाठी. सगळ्या पायऱ्यांमागे माझा आग्रह एकच आहे: मागे वळायची जागा हातात आहे तोवरच पुढे जायचं.

आधी आपलं विमान समजून घ्या

अमेरिकेत २००४ साली लाइट स्पोर्ट हा वर्ग आला तेव्हा वजनाची मर्यादा ठरली ६०० किलो आणि सपाट उड्डाणातला वेग जास्तीत जास्त १२० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). २०२५ मध्ये नियम बरेच सैल झाले, तरी क्लबांमधून भाड्याने मिळणारी बहुतेक विमानं याच जुन्या मापाची आहेत. आता एक साधा भागाकार करा. ६०० किलो वजन आणि १२ चौरस मीटर पंख म्हणजे दर चौरस मीटरवर ५० किलो. सेस्ना १७२ मध्ये हाच आकडा सुमारे ६९ येतो आणि एअरबस ए३२० मध्ये सहाशेच्या वर. वाऱ्याचा झोत पंखावर आदळला की विमान किती उसळणार हे या आकड्यावर ठरतं. आकडा जितका लहान तितका धक्का मोठा. जो झोत मोठ्या विमानात कपातला चहा नुसता हलवतो, तोच तुमचं डोकं कॅनॉपीला, म्हणजे वरच्या काचेच्या छताला, आपटवतो.

दुसरा आकडा मनुव्हरिंग स्पीडचा, म्हणजे व्हीए. या वेगाच्या खाली असताना जोरदार झोत आला तर पंखांवर मर्यादेबाहेरचा भार येण्याआधीच ते स्टॉल होतात, म्हणजे त्यांची उचल तुटते. इथे पुष्कळांची गफलत होते: विमान हलकं झालं की व्हीए कमी होतो, वाढत नाही. तोच झोत हलक्या विमानाला जास्त जोरात उचलतो, म्हणून. हिशेब वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाचा आहे. मॅन्युअलमध्ये ६०० किलोसाठी ९० नॉट लिहिलं असेल आणि तुम्ही एकटे, अर्ध्या टाकीवर, ४८० किलोने निघाला असाल, तर तुमचा त्या दिवसाचा व्हीए ८० नॉट. तो कागदावर लिहून स्पीडच्या काट्याजवळ चिकटवा. व्हीएच्या खाली आहोत म्हणून स्टिक (हातातला दांडा) आणि रडर (शेपटीची उभी फळी, पायांनी चालणारी) कसेही फेकायची मुभा मिळते असंही नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एअरबस ए३०० चा उभा शेपूटपंख तुटला तो याच वेगाच्या खाली, रडर आलटून पालटून पूर्ण दाबल्यामुळे.

तिसरी गोष्ट चढाईची. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन समुद्रसपाटीला १०० अश्वशक्ती देतं. दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद जाते असं धरलं, तर बारा हजारांवर साठ-पासष्ट उरतात. खाली मिनिटाला आठशे फूट चढणारं माझं विमान तिथे दोन-अडीचशेवर येतं, आणि डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला मिनिटाला हजार फुटांनी खाली ओढणारा झोत ही रोजची गोष्ट आहे. इंजिनाच्या जोरावर त्यातून वर निघता येत नाही, हे या दोन आकड्यांतच दिसतं.

दिवस निवडणं: अर्धं काम इथेच होतं

नाणेघाटात पावसाळ्यात उभे राहिला असाल तर तुम्हाला डोंगराचा वारा शिकवायची गरज नाही. कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटतो आणि सरळ वर चढतो, इतका की कड्यावरून पडणारं पाणी उलटं फिरून आपल्याच तोंडावर येतं. कामशेतचे पॅराग्लायडिंगवाले याच वर जाणाऱ्या हवेवर तासन् तास तरंगतात. पण वर गेलेली ती हवा धार ओलांडल्यावर कुठे जाते? नदीतल्या खडकावरून जाणारं पाणी आठवा. खडकाच्या अलीकडे ते गुळगुळीत वर चढतं, पलीकडे धाडकन खाली उतरतं, तिथे भोवरा होतो आणि पुढे लांबवर लाटा उठत राहतात. रॉकीजवरून पश्चिमेचा वारा आला की आपलं फ्रंट रेंज, म्हणजे रॉकीजची पूर्वेकडची बाजू, त्या भोवऱ्याच्या बाजूला येतं. बोल्डर, लाँगमाँट, डेन्व्हर, सगळी गावं वाऱ्याआड.

ही ताकद केवढी असते त्याची दोनच उदाहरणं देतो. ९ डिसेंबर १९९२ रोजी डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरलाटेत सापडलेल्या डीसी-८ मालवाहू विमानाचं डावीकडचं बाहेरचं इंजिन पंखाच्या तुकड्यासकट तुटून पडलं. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं हे त्यांचं कसब. आणि ३० डिसेंबर २०२१ ची मार्शल आग इथे कोणी विसरलेलं नाही. डोंगरावरून खाली कोसळणाऱ्या वाऱ्याने ती काही तासांत सुपीरियर आणि लुइसव्हिलमधली हजारावर घरं खाऊन गेली.

म्हणून आदल्या रात्री आणि पहाटे पुन्हा, नऊ, बारा आणि अठरा हजार फुटांवरच्या वाऱ्याचा अंदाज बघा. बारा हजारांवर १५ नॉटपर्यंत असेल तर मी निघतो. १५ ते २० असेल आणि धारेला समांतर वाहत असेल तर विचार करतो. धारेला काटकोनात २० च्या वर असेल तर चावी खिशातच राहते. मोठ्या इंजिनाची विमानं चालवणारे २५ म्हणतील, पण ती मर्यादा त्यांची. उंचीबरोबर वारा झपाट्याने वाढताना दिसला, म्हणजे नऊ हजारांवर १०, बाराला १८ आणि अठराला ४५, तर तो लाटांचा दिवस समजा, खाली झाडाचं पान हलत नसलं तरीही.

कोलोरॅडोची एक मोठी सोय म्हणजे खिंडींवरच बसवलेली स्वयंचलित हवामान केंद्रं. बर्थूड पास, ला व्हेटा पास, मोनार्क पास, वुल्फ क्रीक पास इथला या क्षणाचा वारा तुम्हाला घरबसल्या कळतो. अंदाज आणि केंद्राची नोंद जुळत नसेल तर केंद्राचं ऐका.

मग बाहेर येऊन आकाश बघा. एकावर एक पराती रचून ठेवल्यासारखे गुळगुळीत ढग धारेच्या पूर्वेला एका जागी थांबलेले दिसले, तर ते लेंटिक्युलर, म्हणजे डोंगरलाटेची खूण. वारा त्यांच्यातून सुसाट जात असतो, ढग मात्र हलत नाही. त्यांच्या खाली, धारेच्याच उंचीवर, पिंजलेल्या कापसासारखा फाटका ढग जागच्या जागी गिरक्या घेत असेल तर तो रोटर, म्हणजे लाटेखालचा भोवरा. १९५५ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या बिशपजवळ लॅरी एडगर या संशोधक वैमानिकाचं ग्लायडर अशाच रोटरमध्ये हवेतच मोडलं होतं. तो पॅराशूटने वाचला. हवा कोरडी असेल तर ढग नसतानाही रोटर असतो, हेही ध्यानात ठेवा.

वेळ पहाटेचीच. उजाडताना उडायचं आणि अकराच्या आत चाकं जमिनीवर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बाराच्या सुमारास डोंगरावर गडगडाटी ढग उभे राहतात. त्याआधी ऊन तापलं की उतारांवरून गरम हवेचे बुडबुडे सुटायला लागतात. परतीचा प्रवासही या वेळेत बसला पाहिजे. ग्रँबीत जेवून दोनला निघू, असा बेत करू नका.

वाट ठरवणं

नकाशावर सरळ रेघ ओढू नका. रस्ता किंवा रेल्वे पकडा, कारण ती खालच्या जमिनीवरून जाते आणि संकटात तिथे माणसं असतात. लाँगमाँटहून ग्रँबीला जायचं तर ग्रॉस धरण, तिथून मॉफट बोगद्याकडे जाणारी रेल्वे, रोलिन्सव्हिल आणि मग रोलिन्स पास. जुने वैमानिक त्याला कोरोना पास म्हणतात. खिंडीची उंची सुमारे ११,७०० फूट.

दरीतून वर वर जात डोंगर ओलांडू, उंची वाटेत मिळेल, असा हिशेब कधीही करू नका. २ ऑक्टोबर १९७० रोजी विचिटा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं मार्टिन ४०४ विमान क्लिअर क्रीकच्या दरीतून, मुलांना डोंगर दाखवायला म्हणून, लव्हलँड पासच्या दिशेने गेलं. जमीन विमानापेक्षा वेगाने चढत गेली, दरी अरुंद झाली, वळायला जागा उरली नाही. ३१ जण गेले. ती दरी आजही महामार्गावरून दिसते. उंची दरीच्या तोंडाबाहेरच, मैदानावर गिरक्या घेत मिळवायची आणि मगच आत शिरायचं.

स्पोर्ट पायलटचं लायसन्स असेल तर आणखी एक अट येते: समुद्रसपाटीपासून १०,००० फूट किंवा जमिनीपासून २,००० फूट, यांतली जी जास्त ती तुमची कमाल उंची. रोलिन्स पासवर ती साधारण १३,७०० होते, पण खाली दरी आली की लगेच उतरते. म्हणजे धक्के बसायला लागले तर वर निघून जायची मोकळीक तुम्हाला नाही. वाऱ्याबद्दल मी इतका कडक आहे त्याचं हेही एक कारण.

निघण्यापूर्वी

वजन कमी ठेवा. दोघं जात असाल तर टाकी पूर्ण भरायचा मोह आवरा, पण ग्रँबीपर्यंत जाऊन, न उतरता परत येऊन वर तासभराचं इंधन उरेल इतकं घ्या. मागच्या कप्प्यातली प्रत्येक वस्तू बांधा. पाण्याची बाटली, टॅब्लेट, कॅमेरा, सगळं. खांद्याचे पट्टे जमिनीवरच इतके ओढा की हनुवटी छातीला टेकवायला कष्ट पडावेत. विमानाला बॅलिस्टिक पॅराशूट असेल तर त्याची पिन काढल्याची दोघांनी मोठ्याने खात्री करा. ४०६ मेगाहर्ट्झचा लोकेटर (संकटात आपलं ठिकाण कळवणारं यंत्र) अंगावर हवा, बॅगेत नको, आणि कोट, पाणी, शिटी या गोष्टी जुलैतही हव्यात. बारा हजारांवरची रात्र उन्हाळ्यातही गोठवते.

ऑक्सिजनची कायदेशीर सक्ती १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासानंतर आणि १४,००० च्या वर कायम. मी दहा हजारांपासूनच नळी लावतो. मेंदूला हवा कमी पडली की सगळ्यात आधी निर्णय बिघडतो, आणि आपल्याला ते कळत नाही.

डेन्सिटी अल्टिट्यूडचा, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणाऱ्या उंचीचा, हिशेब पाठ असू द्या. लेडव्हिलचा विमानतळ ९,९३४ फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान उणे ५ अंश. उन्हाळ्यात २० अंश असेल तर फरक २५, दर अंशाला १२० फूट धरले तर आणखी ३,०००. विमानाच्या लेखी तुम्ही १२,९०० फुटांवरून उड्डाण करत आहात. अशा ठिकाणी धावपट्टीची अर्धी खूण आधीच हेरून ठेवा. तिथपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) मागे, उड्डाण रद्द. चर्चा नाही.

खिंडीपाशी

खिंडीच्या किमान हजार फूट वर, शक्यतो दीड हजार, आणि ही उंची खिंडीच्या तीन मैल आधी हातात असली पाहिजे. धारेला सरळ भिडू नका, ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत जा. परत फिरायचं झालं तर १८० अंश वळावं लागणार नाही, ९० पुरतील.

आता सगळ्यात उपयोगी खूण. खिंडीच्या पलीकडची जमीन बघत राहा. जवळ जाताना पलीकडची दरी अधिकाधिक उलगडत असेल तर तुम्ही धारेच्या वरून जाणार. ती जमीन धारेमागे बुडायला लागली तर तुम्ही खाली चालला आहात, अल्टिमीटर काही म्हणो. त्याच क्षणी वळा.

पश्चिमेला जाताना वारा समोरून असतो, त्यामुळे खाली ओढणारा झोत खिंडीच्या अलीकडेच भेटतो. हे भीतीदायक वाटतं, पण वळलात की वारा पाठीशी येतो आणि झरझर मैदानाकडे नेतो. पूर्वेला परतताना उलट. वारा पाठीमागून, चढ फुकट, सगळं छान, आणि वळायची वेळ आली तर तोच वारा वळता वळता तुम्हाला धारेकडे ढकलतो. माझ्या मते परतीची खिंड जास्त धोक्याची आहे. तिथे धारेपासून अंतर दुप्पट ठेवा आणि निर्णय अर्धा मैल आधीच घ्या.

खाली ओढलं गेलात तर

चढाईचा काटा खाली, थ्रॉटल पूर्ण पुढे आणि तरीही उंची जाते आहे. अशा वेळी हात आपोआप स्टिक मागे ओढतो. तसं करू नका. वेग घटला की तुम्ही त्या झोतात जास्त वेळ राहता, आणि स्टॉल जवळ येतो. नाक थोडं खाली, वेग व्हीएच्या आत ठेवून वाढवा, आणि जमीन जिकडे उतरत जाते तिकडे वळा. झोत रुंदीला मर्यादित असतो, त्यातून आडवं निघायचं असतं.

स्टीव्ह फॉसेट हा विक्रमवीर ३ सप्टेंबर २००७ रोजी सिएरा नेवाडात गेला तो एका छोट्या दोन आसनी विमानात. तपासात निघालेलं कारण साधंच होतं: विमानाच्या चढाईच्या क्षमतेपेक्षा जास्त ताकदीचा खाली जाणारा झोत. माणूस अनुभवी होता म्हणून हवेने सूट दिली नाही.

आणखी एक फसवणूक डोळ्यांची. समोर उतार चढत असेल तर तीच क्षितिजरेषा वाटते आणि नाक नकळत वर जातं. डोंगरात नजर बाहेर ठेवा, पण दर काही सेकंदांनी स्पीडच्या काट्यावर आणा.

धक्के सुरू झाले तर

आधी पॉवर कमी करून वेग व्हीएच्या पाच-दहा नॉट खाली, पण स्टॉलच्या दीडपटीच्या वर. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) बंद, कारण फ्लॅप उघडे असताना विमानाची भार सोसायची मर्यादा कमी होते. मग पंख सपाट आणि नाक क्षितिजाशी ठरल्या जागी, एवढंच सांभाळा. उंची शंभर-दोनशे फूट वरखाली होऊ द्या, तिच्या मागे लागू नका. स्टिक दोन बोटं आणि अंगठ्यात धरा आणि मनगट मांडीवर टेकवा. मूठ आवळली की तुमचंच अंग हलतं आणि तेच हलणं स्टिकमधून विमानाला जातं. मला हे एका प्रशिक्षकाने शिकवलं: माझ्या बोटांमध्ये त्यांनी पेन्सिल अडकवली आणि म्हणाले, आता धर. मूठ आवळली की पेन्सिल बोटांत रुतायची.

दरीतून जावंच लागलं तर

मधून उडू नका. ज्या उतारावर वारा येऊन चढतो त्या बाजूला राहा. तिथे हवा वर उचलते, आणि वळताना पूर्ण दरी मोकळी मिळते, तीही वाऱ्यात तोंड करून. वळायला किती जागा लागते याचा हिशेब करून ठेवा. काटा ८० नॉट दाखवत असेल तर समुद्रसपाटीला ३० अंश बँकमध्ये, म्हणजे पंख तेवढे कलवून, वळणाचा व्यास सुमारे ६०० मीटर. बारा हजारांवर काटा तेच ८० दाखवतो, पण खरा वेग ९६ च्या आसपास असतो आणि व्यास साडेआठशे मीटर होतो. ४५ अंश बँक केली तर तो पाचशेवर येतो, मात्र स्टॉलचा वेग एकोणीस टक्क्यांनी वाढतो. हे वळण मैदानावर, भरपूर उंचीवर, प्रशिक्षकासोबत इतक्यांदा करा की हाताला कळेल.

उतरताना

काट्यावरचा वेग नेहमीचाच ठेवा. ५५ नॉटला उतरत असाल तर लेडव्हिललाही ५५. त्या उन्हाळी दुपारी खरा वेग ६७ असतो, जमीन भराभर मागे जाताना दिसते, आणि वेग कमी करायचा मोह होतो. तो जिवावर बेततो. धावपट्टी मात्र जवळजवळ दीडपट लागते. वारा १२ आणि मधले झोत २० असतील तर फरकाचा अर्धा, म्हणजे ४ नॉट, जास्त घ्या. आडवा वारा १० च्या वर असेल तर नवख्याने दुसरा विमानतळ शोधावा.

परत आल्यावर

प्रत्येक फेरीनंतर अंदाज काय होता आणि हवेत काय भेटलं ते लिहून ठेवा. मागच्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून आले होते. "ग्रँबीला नाश्ता करू, बाबा," असं मी त्यांना आठवडाभर सांगत होतो. पहाटे सहा वीसला निघालो, ग्रॉस धरणावर हवा लोण्यासारखी होती. रोलिन्सव्हिलच्या पुढे, १२,८०० फुटांवर, विंटर पार्कच्या दरीची हिरवी पट्टी धारेवर नीट दिसत होती. मग ती बारीक झाली. थ्रॉटल पूर्ण पुढे होता आणि काटा उणे सातशेवर. त्यांच्या गळ्यातला चष्मा दोरीसकट हनुवटीपर्यंत तरंगला. मी डावीकडे वळलो आणि चार मिनिटांत आम्ही पुन्हा मैदानावर होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "परत?" मी म्हटलं, "हो बाबा, गाडीने जाऊ."

बर्थूड पासवरून गेलो. वर घाटात गाडी थांबवली तेव्हा पूर्वेला दोन पराती एकावर एक उभ्या होत्या, आणि मी त्या त्यांना बोटाने दाखवल्या. वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: उड्डाण एक तास चार मिनिटं. बारा हजारांवर अंदाज १४ नॉट, विमानातल्या स्क्रीनवर २६. खिंड ओलांडली नाही.